पिचवरचा मूग

मु. बोरखेडी, तालुका सेलू
दिवाळी झाली, तुळशीचं लग्न व्हायचं हाये

सौ. देवकाले,

केळझरच्या गणपतीनं आपल्या दोघी बहिणींचे गुडघे निदान नातवंडांच्या लग्नापर्यंत तरी सांभाळावे, एवढं मागून तुह्या मोठ्या बहिणीचा, शकुंतलेचा, तुले पोटभर आशीर्वाद. हरिदासजींना नमस्कार सांगजो. (जरा हळूच सांगजो, मागच्या रविवारपासून ते बोरखेडीचं नाव काढलं तरी ताटावरून उठतात असं ऐकलं.) तुहा डावा गुडघा कसा हाये? एरंडाचं तेल लावून शेकजो, अन् शेकून झाल्यावर लगेच भांडे घासाले बसू नको, सुनेले घासू दे. तुह्या नातवाले, अंकितले, माहा एक पापा. तो आता पापा घेऊ देत नाई हे मले माहीत हाये, पण पत्रातून आलेला त्याले चुकवता येत नाई.

तू म्हणशील, घरात दोन दोन मोबाईल असताना शकुंतलाबाई पत्र काऊन लिवून राह्यली. तर फोनवर तू मले बोलू देत नाई. मी तोंड उघडते तोच तुहं दूधवाल्याचं गाऱ्हाणं सुरू होते. वरून तू फोन स्पीकरवर ठेवते, अन् हरिदासजी मागून खोकत राह्यतात. पत्रात कोणी खोकत नाई. मी तिसरी पास हावो. (चौथीत बसलती, पण तू पाळण्यात होतीस अन् माय वावरात जाये, म्हणून मले घरी ठेवलं. माहं शिक्षण तुह्यापायी राह्यलं हे मी कधी काढत नाई, आज आठवलं म्हणून लिवलं.) तवा काना-मात्रा इकडचा तिकडं झाला तर समजून घेजो. गुंजन म्हणे, आजी तू सांग, मी टाईप करते. मी नाई म्हटलं. तिच्याचबद्दल लिवायचं हाये, तिच्याच हातानं कसं लिवू?

तर ऐक. आपली गुंजन (माह्या धर्मेंद्रची मोठी; तिच्या बारशाले तू आलतीस अन् जिलबी कच्ची म्हणून सगळ्यांले सांगत गेलतीस) शेतीचं कॉलेज करून आली, अन् मंग नागपूरले जाऊन क्रिकेटच्या मैदानाची माती कशी सांभाळायची ते शिकून आली. असं शिक्षण असते हे मले माहीत नव्हतं. धर्मेंद्रले तर माहीत होऊनही पटत नव्हतं. त्याचं सारं आयुष्य किराणा दुकानात गेलं, त्याले जे तागडीत मावते तेच खरं वाटते. त्यानं पोरीले सांगून टाकलं: दिवाळीपर्यंत गावच्या पिचचं काही भलं करून दाखव, नाई तर दिवाळीनंतर नागपूरले मामाच्या साडीच्या दुकानात बस. मामा चांगला माणूस हाये, पण ते दुकान तू पाह्यलं हाये, भर दुपारी ट्यूब लावून बसावं लागते. आपली पोट्टी उन्हातान्हात माती हुंगत फिरणारी. तिथं ती घडी घातलेल्या साडीसारखी होऊन गेली असती. त्या दिवसापासून ती चहात साखर टाकाले विसरू लागली. मले तेवढ्यावरून समजलं.

आता आपलं पिच. शाळेमागं, जिथं आधी बैलबाजार भरे, तिथं बापूरावनं काळी माती आणून ते केलं. (बापूराव म्हणजे क्रिकेट मंडळाचे अध्यक्ष. त्यांच्याच घरच्या लग्नात वरण कमी पडलतं.) तेव्हापासून बापूराव अन् त्याचा रोलर. सकाळी रोलर, संध्याकाळी रोलर. त्याची बायको म्हणे, माहे पाय कधी एवढे दाबले नाई. पिच झालं निरा टणक. पाणी टाकलं तर अळवाच्या पानावरून जावं तसं घरंगळून जाये. मी एकदा त्याच्यावर सांडगे वाळवले, लय कुरकुरीत झाले, पण बापूरावनं एवढा कालवा केला की गावाले वाटलं आग लागली. अन् खेळाचं म्हणशील, तर चेंडू टप्पा पडल्यावर वर यायचं सोडून सापासारखा सरपटत जाये. आपले पोट्टे बिचारे वाकून वाकून खेळत. पायदळ जाणाऱ्याले वाटावं, पोट्टे काहीतरी हरवलेलं शोधून राह्यले.

गुंजन तिथं उकिडवी बसली अन् तिनं भाजीचा चाकू (माहाच, मंग बोथट झाला) मातीत खुपसून पाह्यला. टोकही आत गेलं नाई. ती म्हणाली, या मातीचा दम कोंडला हाये. वरून सारे दाबतात, खाली हवा नाई, पाणी नाई, गवताले मुळी टाकाले जागा नाई, म्हणून गवत येते अन् मरते. हातभर खोल भोकं पाडावी लागतील, सगळीकडं, दाट दाट, म्हणजे माती श्वास घेईल. मले हे लगेच समजलं. एवढं तर आपल्यासारखीले समजते, आपणही सासुरवास केला हाये. पण बापूरावले समजलं नाई. त्याच्या पिचले भोकं म्हणजे त्याच्या छातीले भोकं. तो जाऊन पिचवर मांडी घालून बसला अन् उठेच ना.

त्याच्याही जिवाले घोर होता, खोटं काऊन बोलू. तालुक्याच्या कपाची फायनल यंदा पहिल्यांदा बोरखेडीले देतो असं कमिटीनं म्हटलं होतं, पण पावसाळ्यात येऊन मैदान पाहू अन् मंग पक्कं करू. मैदान पसंत नाई पडलं तर फायनल तुमच्या जामले. अन् जामच्या मंडळाचे अध्यक्ष कोण, तर आपले हरिदासजी. (तुह्या नवऱ्याची निंदा मी करत नाई. पण ते टपून बसलेले होते हे तूही जाणते.) बापूराव म्हणे, भोकं पाडली तर फायनल जाईल. गुंजन म्हणे, नाई पाडली तर नक्की जाईल. शेवटी तो एका अटीवर तयार झाला की काम मशीननं झालं पाह्यजे, नागपूरच्या, खऱ्याखुऱ्या.

मशीन टेम्पोतून आलं. समोर लांब लांब लोखंडी दात, अन् शिलाई मशीनच्या सुईसारखे ते वरखाली होत. मी त्याले हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. (मशीनवाल्यानं दोनदा खोबरं मागून घेतलं, तेव्हाच मले शंका आली.) मशीन सुरू झालं, दात खाली आले, खण्ण असा आवाज झाला, अन् सारं मशीन बेडकासारखं उडी मारून पुढं गेलं. परत खण्ण, परत उडी. असं ते पिचच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नाचत गेलं अन् दोन दात वाकडे करून थांबलं. मशीनवाल्यानं हात जोडले. म्हणे, आजी, इथं माहं नाई, बोअरवेलवाल्याचं काम हाये. अन् निघून गेला. बापूरावले दुःख व्हावं की नाई? पण तो बसस्टँडवर छाती काढून सांगत फिरला की आपल्या पिचनं नागपूरचं लोखंड वाकवलं. तिकडं गुंजन घरी येऊन पालथी पडली. धर्मेंद्रनं मामाचा नंबर कोणाजवळ हाये असं बायकोले इचारलं.

त्याच दिवसांत पाऊस लांबला होता. टोबणी अडली होती. पंचफुला अन् तिच्या संगतीच्या बाया (दरसाल सरकी टोबाले, भोकं पाडून दाणे टाकाले, ह्याच जातात, साऱ्या सेलू तालुक्यात अशी सरळ ओळ कोणाची येत नाई) आमच्या दुकानाच्या ओट्यावर बसून आभाळाकडं पाहत राह्यत. हात रिकामे, तोंड चालू. मी त्यांच्याकडं पाह्यलं, गुंजनकडं पाह्यलं, अन् म्हटलं, अवो, भोकं पाडणाऱ्या बाया तर इथंच बसल्या हायेत. गुंजन अशी उठली की तिची वेणी माह्या चष्म्यात अडकली. मंग सारं तिनंच केलं, मी फक्त चहा देल्ला. पिचवर ओले पोते टाकून माती भिजत ठेवली. लोहाराकडून टोकदार सळाखी करून आणल्या, अन् किती खोल जायचं त्याची खूण म्हणून प्रत्येकीले लाल धागा बांधला. दोरी ताणली. बाया पदर खोचून लागल्या, एका रेषेत, मागं सरकत, अन् एकमेकींच्या सासवांचे किस्से सांगत. माती नरमली होती तरी जड होती. पण जिले सांगाले सासू होती तिची सळाख बरोबर आत जाये. बापूराव कडुनिंबाखाली तोंडावर दुपट्टा टाकून बसला होता. भोक पडलं की दुपट्ट्याआडून "राम" म्हणे. काही वेळानं ते भजनासारखं वाटाले लागलं.

गुंजननं सांगितलं होतं की भोकं रातभर उघडी राहू द्या, उद्या चाळलेली माती अन् शेणखत भरा, मी गवताचं बी आणाले वर्ध्याले जाते. अन् ती गेली. आता देवका, तूही टोबणी केली हाये, तूच सांग. भोक पाडलं, माती लोटली, अन् दोन दाणे न टाकता अंगठ्यानं दाबून पुढं सरकलं, असं तुह्या हातून कधी झालं हाये काय? हातच ऐकत नाई. डावा हात आपोआप ओटीत जाते. बायांनी भोकं भरली, वर थोडी जागा राहू देली, दोन दोन दाणे टाकले, पायाच्या अंगठ्यानं दाबलं, अन् या टोकापासून त्या टोकापर्यंत नीट सारं उरकून संध्याकाळी हात धुतले. कोणाच्या मनातही आलं नाई की हे वावर नाई. आता ओटीत मूग कुठून आला हे मले काय माहीत? गावात मूग कोणाच्या घरी नसते? पंचफुला काहीबाही सांगते, तिचं मनावर घेऊ नको.

पाऊस आला अन् पाठोपाठ मूग आला. काय सांगू तुले, असा देखणा मूग मी वावरात पाह्यला नाई. दोन दोन पानांच्या ओळी, प्रार्थनेले पोट्टे उभे राह्यतात तशा, या स्टंपापासून त्या स्टंपापर्यंत. बापूराव रोलर घेऊन आला अन् रोलरवरच बसून गेला. अन् नेमकी त्याच दिवशी कमिटी आली. जीपमधून तीन कमिटीवाले उतरले, अन् चौथे हरिदासजी (म्हणे, सहज सोबत आलो). त्यांनी चष्मा पुसला, परत लावला, अन् बापूरावले इचारलं:

"काय अध्यक्ष, फलंदाजी आधी की निंदण आधी?"

कमिटीवाले हसत हसत जीपवर हात टेकून उभे राह्यले. उभ्याउभ्याच फायनल जामले देऊन टाकली. धर्मेंद्र दुकानातून हे पाहत होता, त्यानं तिथूनच मामाले फोन लावला. मी गुंजनकडं पाहत होती. मले वाटलं, आता ही रडते, अन् हिच्यासंगं मलेही रडावं लागते. तर ती मुगाजवळ उकिडवी बसली. खिशातून माहा तोच बोथट चाकू काढला अन् ओळीत खुपसला. चाकू मुठीपर्यंत आत गेला. तिनं काढला, परत खुपसला, परत गेला. मंग एक रोप हळूच मोकळं करून पाह्यलं, तर पांढरी मुळी भोकातून सरळ खाली गेलेली, अजून जातच होती. तिनं वळून एवढंच म्हटलं:

"आजी, चाकू गेला."

तिचं तोंड असं झालं होतं की मी साऱ्या कमिटीदेखत तिचा पापा घेतला. (तिनं घेऊ देल्ला.)

मंग तिनं सांगितलं, मूग उपटायचा नाई. उपटला तर माती उचकते. फुलावर आला की जमिनीबरोबर विळ्यानं कापायचा, मुळ्या आत सडतील अन् पाण्याले, हवेले वाट राहील. तवर राखायचा. अन् राखला कोणी, तर बापूरावनं. आधी तो लाजेनं बसस्टँडवर जाईना, कारण तिथं लोक त्याले मुगाचा भाव इचारत. मंग एक दिवस पंचफुलेची बकरी पिचवर आली. त्या बकरीनं दोन पानं खाल्ली, तर हा माणूस काठी घेऊन तिच्या मागं पार नाल्यापर्यंत पळाला. त्या दिवसापासून तिथंच खाट टाकून बसू लागला. कापणीच्या आधी काही शेंगा भरल्याच होत्या. मी भजे केले. सगळ्यात जास्त कोणी खाल्ले हे मी लिवत नाई, अध्यक्षांचा मान असते.

मुगाच्या मागं गुंजननं वर्ध्याहून आणलेल्या बियाचं गवत आलं, हिरवं, दाट, पायाले गुदगुल्या करणारं. रोलर फिरवायचा तो गुंजन सांगेल तेव्हाच अन् तेवढाच. बाकी दिवस बापूराव बांधलेल्या बैलाच्या पाठीवरून हात फिरवावा तसा रोलरवरून हात फिरवून घरी जाये. पण देवका, पिच चांगलं झालं हे पाह्यलं कोणी? फायनल तर जामले गेलती. दिवाळी आली, फराळ झाला, धर्मेंद्रनं बोलल्याप्रमाणे पोरीची बॅग भरून ओसरीत ठेवली. सोमवारी मामाकडं जायचं. मी बॅगेत चिवड्याचा डबा ठेवाले गेली अन् डबा परत घेऊन आली. ठेवला असता तर पोट्टी खरंच चालली असं झालं असतं.

पुढचं तुले माहीत हाये, पण माह्या बाजूनं ऐक. शनिवारी, फायनलच्या आदल्या दिवशी, अवकाळी पाऊस आला, साऱ्या जिल्ह्यात धो धो. रविवारी सकाळी तूच फोनवर सांगितलं की तुमच्या मैदानावर तळं झालं, अन् हरिदासजी बादली अन् तुही नवी चादर घेऊन पिच पुसून राह्यले. (चादरीचं वाईट वाटलं. खरंच वाटलं.) कमिटीनं गावोगाव फोन लावले, कोरडं मैदान कुठं हाये म्हणून. गुंजननं फोन घेतला अन् म्हणाली, इथं या. बापूरावचा विश्वास बसेना. त्यानं चपला काढल्या, धोतर वर धरलं, पिचवरून अनवाणी चालत गेला अन् परत आला. मंग खाली बसून आपले तळवे पाह्यले. चिखल नाई. तो तसाच एक एक पाय वर करून साऱ्या गावाले तळवे दाखवत फिरला. एवढा म्हातारा माणूस, पण कोणी हसलं नाई, सारे वाकून वाकून पाहत होते.

दुपारी फायनल झाली, बोरखेडी विरुद्ध जाम, आपल्या पिचवर. चेंडू टप्पा पडला अन् कमरेपर्यंत उठला. नीट, शहाण्या लेकरासारखा. अन् तिथंच आपले पोट्टे बुडाले. त्यांले सवय वाकून खेळाची, ते खाली पाहत राह्यले अन् चेंडू वरून गेला. एका मागोमाग एक परत आले. तुहा अंकित मात्र ताठ उभा राहून खेळला. त्यानं मारलेला एक चेंडू सरळ आमच्या दुकानात, जिऱ्याच्या डब्यात. (तो मी ठेवून घेतला, जिऱ्याचा वास येते.) जाम जिंकलं, कप अंकितच्या हातात, अन् त्याच्या आजीचं अभिनंदन हे इथं मनापासून लिवते. पण हरलेल्या गावात एवढा आनंद तू कधी पाह्यला नसशील. बापूराव दर चेंडूले टाळ्या वाजवे, कोणाचा का असेना, फक्त वर उठला पाह्यजे. शेवटी माईकवर जाऊन त्यानं सांगितलं की मूग पेरायची कल्पना मंडळाची. पंचफुला तिकडून काही म्हणाली, माईक जवळ होता म्हणून ते साऱ्यांनी ऐकलं. तेही लिवत नाई.

अन् धर्मेंद्र. कमिटीचा मोठा माणूस दुकानाच्या पायरीशी येऊन म्हणाला, पुढच्या साली तालुक्यातली सारी मैदानं हिच्याकडं देतो, ही तुमची मुलगी काय? धर्मेंद्रनं "हो" असं म्हटलं, जसं काही ती माती हुंगणं त्याच्याचकडून शिकली. संध्याकाळी मामाले फोन करून दुसरा माणूस पाहाले सांगितलं, अन् मंग बराच वेळ त्याले मातीचा श्वास समजावत होता. सारं चूक सांगत होता. मी आतून ऐकलं अन् बॅगेतले कपडे काढून परत दोरीवर टाकले, धुतलेलेच होते तरी.

तर असं हाये सारं. तुह्या गुडघ्याले जपजो, तेल विसरू नको. पत्र मिळालं की फोन करजो, पण आधी मले बोलू देजो.

तुही बहीण
शकुंतला

ता. क. – आता खरं काम. काल हरिदासजींचा गुंजनले फोन आला. आवाज बारीक करून बोलत होते, बहुतेक तू स्वयंपाकघरात होतीस. म्हणे, जामच्या पिचलेही जरा दम लागला हाये, माघ सरला की येऊन पाहून जाशील काय? ती हो म्हणाली. ती येईल तिथं मीही येईन. तवा आमची झोपायची जागा पंख्याखाली कर, पण जो पंखा कटकट करते त्याच्याखाली नको. एवढं लांब पत्र लिवलं ते ह्यासाठीच. अन् टोबणाऱ्या बाया आताच सांगून ठेव, माघात साऱ्या हरभऱ्यात गुंतल्या की भेटत नाई.

ता. क. दुसरं – हायवेवर पांढऱ्या मोठ्या काठाच्या टोप्या मिळतात, मैदानावरचे लोक घालतात तशा. एक घेऊन ठेवजो. अंबाड्यावर बसेल अशी पाहजो.

ता. क. शेवटचं – हरिदासजींना मुगाचं काही बोलू नको. त्यांना वाटू दे की भोकं रिकामीच राहणार हायेत. अन् तिकडं मूग विकत घेऊ नको, मागच्या वेळचा माह्याजवळ थोडा उरला हाये.